दोन्ही हातांनी

"मोघम नको," पाळकसाहेब म्हणाले. "'प्रार्थनेत वाढेन', 'सेवा करीन', असलं काही नको. काय करणार आणि कधीपर्यंत करणार, तेवढं सांगा."

चर्चमध्ये एक जानेवारीची उपासना चालली होती. आमच्या बोरखेड्याच्या मंडळीत त्या दिवशी ज्याला वाटेल त्याने उठून साक्ष द्यायची रीत होती. गेल्या वर्षी देवाने कसं सांभाळलं ते सांगायचं आणि नव्या वर्षाचा एखादा संकल्प बोलून खाली बसायचं. संकल्पाचं पुढे काय झालं हे कुणी विचारायला येत नसे, त्यामुळे सगळे ते सढळ हाताने करत. पण पाळक त्रिभुवनसाहेब पुण्याहून नवे आले होते, तरुण होते, आणि त्यांना प्रत्येक गोष्टीला तारीख लागायची. त्यांचं बोलणं ऐकून एरवी उड्या मारून उठणारे लोक एकदम चटईचे धागे बघायला लागले.

मी उठलो तो खरं तर फक्त आभार मानायला. दिवाळीत रत्नाचं, माझ्या बायकोचं, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं आणि ती सुखरूप घरी आली होती. तेवढं बोलून मी बसणार, तर साहेबांनी विचारलं, "आणि यंदा काय, शांतवनभाऊ?"

माझी नजर कोपऱ्यातल्या पायपेटीकडे गेली. गावातलं मुलींचं बोर्डिंग बंद झालं तेव्हा तिथली ही पेटी आमच्या चर्चमध्ये आली होती. पायांनी भाता हाणायचा आणि दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवायचे, असं ते प्रकरण. वाजवणारं कुणी नव्हतं म्हणून ती पांढऱ्या चादरीखाली उभी होती. मी मंडळीचा पेटीवाला खरा, पण माझी साधी हातपेटी. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर.

"यंदा," मी म्हणालो, "ईस्टरला मी पायपेटी वाजवीन. दोन्ही हातांनी."

आधी मी बोललो आणि मग ते माझं मला ऐकू आलं. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी खाकरलं. बायकांच्या बाजूने राहेलमावशींचा आवाज आला, "एका हातानं वाजवतोस ते देवाला कमी पडतंय का रे?"

मंडळी हसली. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "आमेन." मग सगळीच मंडळी म्हणाली, "आमेन." आणि आमच्यात एकदा आमेन पडलं की माघार नसते.

"उचलली जीभ, लावली टाळ्याला," घरी जाताना रत्ना म्हणाली. "आधी मला तरी विचारायचं होतं."

"तुला विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"नको म्हणाले असते."

"म्हणूनच नाही विचारलं," मी म्हणालो.

माझं नाव शांतवन असलं तरी शांती माझ्या वाट्याला नावापुरतीच आली आहे. मी एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो. माइकवरून दिवसभर गाड्या पुकारायचो, आणि एखादी गाडी यायला उशीर झाला की ड्रायव्हरच्या आईलाही वाटली नसेल एवढी काळजी मला वाटायची. अशा माणसाने भर चर्चमध्ये पैज मारायची म्हणजे कहरच होता. तरी मी मनाची समजूत घालत होतो की लोक विसरतील.

त्याच आठवड्यात त्रिभुवनसाहेब नगरला जायला निघाले होते. गाडी आली नव्हती म्हणून माझ्या केबिनमध्ये येऊन बसले. मी चहा मागवला.

"बरं झालं तुम्ही बोललात," ते म्हणाले. "नगरला एक मुलगा आहे. पायपेटी रीतसर शिकलाय, नोटेशन वाचतो. दर रविवारी त्याला बोलवावं असं मंडळीच्या पंचांचं जवळजवळ ठरलंच होतं. म्हटलं, आता ईस्टरपर्यंत थांबू."

"आणि ईस्टरला मला नाही जमलं तर?"

"तर मग त्याला बोलवू. तुम्हीही जरा विश्रांती घ्या की शांतवनभाऊ. किती वर्षं वाजवताय!"

हे ते इतक्या प्रेमाने म्हणाले की मी त्यांच्यासाठी आणखी एक चहा मागवला. रागाने म्हणाले असते तर मी भांडलो तरी असतो.

खरं सांगायचं तर पेटीमागची जागा सोडून त्या चर्चमध्ये माझी दुसरी जागाच नव्हती. मी पंचांच्या निवडणुकीत दोनदा पडलो होतो. प्रार्थना करायला उठलो की माझी वाक्यं अडकायची. वचनं पाठ म्हणायला सांगितली की नको त्या अध्यायात शिरायचो. पण गीत सुरू झालं आणि माझी बोटं पट्ट्यांवर गेली की मीही कुणीतरी आहे असं वाटायचं. ती पेटी माझ्यासमोरून उचलली तर रविवारी सकाळी मी कुठे बसायचं, हे मला कळेना, आणि त्या विचाराने मला झोप लागेना.

साहेब शिस्तीचे. त्यांनी मला टप्पे आखून दिले. जानेवारीत नुसता डावा हात, फेब्रुवारीत पाय, मार्चमध्ये सगळं मिळून. "आणि एकच गीत धरा," ते म्हणाले. "ईस्टरचं पहिलं. ते एक साधलं की बाकीची येतील." ईस्टरचं पहिलं गीत म्हणजे प्रवेशाचं गीत. पाळक पांढरा झगा घालून दाराबाहेर उभे राहतात, मंडळी उठून गायला लागते, आणि ते गीत त्यांना आत आणतं. सगळ्यांना पाठ असलेलं गीत होतं ते.

डाव्या हाताने पहिल्या दिवसापासून छळलं. त्याची सगळी नोकरी भात्यावर झालेली, त्याला ही बदली मंजूरच नव्हती. उजव्या हाताने सूर धरला की डावा आपोआप पेटीच्या पाठीमागे जायचा आणि तिथे नसलेला भाता हाणायला लागायचा. मी त्याला धरून पुढे आणायचो, तो परत मागे. स्टँडवर टेबलाच्या कडेवर बोटं नाचवत सराव करायचो. एकदा त्या नादात पाथर्डीची गाडी मी शेवगाव म्हणून पुकारली. एक म्हातारी टोपलीतल्या कोंबड्यांसकट तिच्यात जाऊन बसली आणि ड्रायव्हरने मला माझ्या सात पिढ्यांची आठवण करून दिली.

फेब्रुवारीत पाय आले. एक पाय दाबला की दुसरा सोडायचा, पण गीताच्या ठेक्यात नाही, आपल्याच संथ चालीने. माझे पाय ठेक्यात नाचायचे आणि मग हवा कधी फुगायची, कधी संपायची. पेटी मध्येच रडका सूर काढून गप्प व्हायची. घरी गेलो की पोटऱ्या धरायच्या.

रत्ना संध्याकाळी माझ्याबरोबर चर्चमध्ये यायची. मी पेटीशी झुंजायचो आणि ती चटईवर बसून मेथी निवडायची. चुकलं की मी तिच्याकडे बघायचो.

"माझ्याकडे काय बघताय? मी काही चादर घातलेली नाही तुमच्या पेटीवर," ती म्हणायची.

"जमेल का गं?"

"काल चार ठिकाणी अडला होतात. आज तीन ठिकाणी."

मार्च लागला तेव्हा मला एक दिवस सुचलं. "रत्ना, तू म्हण ना गीत. म्हणजे मला कळेल लोक कुठे श्वास घेतात."

ती मेथीची जुडी उचलून उभी राहिली. "अहो, भाकऱ्या टाकायच्या आहेत," म्हणाली आणि गेली. मला वाटलं, दमली असेल. मी तसाच एकटा वाजवत राहिलो, आणि गाणारे लोक मनातल्या मनात धरले.

आमच्याकडे गाणं कसं व्हायचं ते इथे सांगायला हवं, कारण पुढचा घोटाळा त्याच्यातूनच झाला. आमच्या मंडळीत पेटी कधी आधी वाजत नसे. गीत जाहीर झालं की राहेलमावशी ते उचलायच्या. त्या म्हाताऱ्या बायबलबाई; तरुणपणी वाड्यावस्त्यांवर जाऊन शुभवर्तमान सांगितलेल्या. पेटीच नव्हती तिथे तर पेटीची वाट कोण बघणार? त्या पहिली ओळ एकट्या म्हणायच्या, खणखणीत. दुसऱ्या ओळीला बाकीच्या बायका यायच्या, तिसरीला पुरुष. तोवर मी त्यांची पट्टी शोधून काढायचो, काळी एक आहे की पांढरी दोन, आणि हळूच मागून जाऊन मिळायचो. पेटीवाला म्हणून माझी सगळी कमाई एवढीच, की त्यांचा सूर मी दुसऱ्या ओळीच्या आत पकडायचो.

पायपेटीचं तसं नव्हतं. साहेबांनी सांगितलं होतं, "आधी एक ओळ पेटी वाजवेल आणि मग मंडळी तिच्याबरोबर सुरू करेल. सगळीकडे असंच असतं." मलाही ते सोयीचं होतं. मी एका पट्टीत बसवलेलं गीत, राहेलमावशींनी भलत्याच पट्टीत उचललं तर माझ्या दोन्ही हातांची वाट लागली असती.

हे त्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं. मी गेलो तेव्हा त्या दारात बसून शेंगा फोडत होत्या.

"सलाम, मावशी."

"सलाम. बस. कसा चाललाय तुझा नवस?"

"नवस कसला मावशी, संकल्प."

"तेच ते. आमेन म्हटल्यावर काय फरक राहिला?"

मी बसलो, दोन शेंगा फोडल्या आणि सांगून टाकलं. पेटी आधी वाजेल, मग सगळ्यांनी एकदम सुरू करायचं.

त्यांचे हात थांबले. "म्हंजे मी उचलायचं नाही?"

"तुम्ही म्हणायचं की. सगळ्यांबरोबर."

"सगळ्यांबरोबर," त्या म्हणाल्या, आणि परत शेंगा फोडायला लागल्या. "बरं. पुण्याची रीत असंल."

त्या चिडल्या नाहीत याचा मला इतका आनंद झाला की घरी येईपर्यंत मी शीळ घालत होतो. रत्नाला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं म्हणाल्या? नुसतं बरं?" आणि तिने कपाळाला आठ्या घातल्या. मी म्हटलं, तू उगाच सुतावरून स्वर्ग गाठू नकोस.

मार्चच्या शेवटी गीत जमलं. एकदा सलग जमलं, दुसऱ्या दिवशी मोडलं, परत जमलं. मग पवित्र सप्ताह आला आणि माझ्या काळजीला नवं निमित्त मिळालं. आमच्याकडे गुरुवारच्या पवित्र भोजनानंतर ईस्टरच्या पहाटेपर्यंत वाद्याला हात लावत नाहीत. प्रभू कबरेत असताना पेटी वाजवायची नाही. हे मी लहानपणापासून पाळत आलो होतो, पण त्या वर्षी मला पहिल्यांदा त्याचा अर्थ कळला: ज्या दोन दिवसांत मला सरावाची सगळ्यात जास्त गरज होती, तेच दोन दिवस माझे हात बांधलेले होते.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, क्रुसावरच्या सात शब्दांवर प्रवचन झालं आणि मी देवाची क्षमा मागून सांगतो, मला त्यातलं काही आठवत नाही. मी मांडीवर डावा हात वाजवत होतो. शनिवारी जेवण गेलं नाही. माझ्या डोक्यात गीत उलटं-सुलटं व्हायला लागलं. दुसऱ्या ओळीनंतर तिसरी की चौथी, हेच आठवेना.

"नाही जमलं तर काय होईल?" रत्नाने विचारलं.

"नगरचा मुलगा येईल."

"येऊ दे की. तुम्ही माझ्याशेजारी बसा रविवारी."

"पुरुष बायकांच्या बाजूला बसतात का?" मी खेकसलो. तिने माझ्यापुढे ताकभात ठेवला आणि मी तो लहान मुलासारखा चिवडत बसलो.

ईस्टरला पहाटे प्रभातफेरी निघते. आम्ही फुलं घेऊन कब्रस्तानात गेलो, आपापल्या माणसांच्या कबरींवर ती वाहिली आणि उजाडता उजाडता चर्चवर परत आलो. लोक आपापल्या जागी उभे राहिले. खिडक्यांमध्ये झेंडूच्या माळा होत्या, नवी लुगडी करकरत होती. मी पायपेटीवरची चादर काढली, घडी घातली, ती कुठे ठेवावी ते सुचेना म्हणून मांडीवरच घेतली. मागे वळून पाहिलं. दार उघडं होतं आणि बाहेर उंबऱ्याशी त्रिभुवनसाहेब पांढऱ्या झग्यात उभे होते. त्यांनी मला मान हलवून खूण केली.

मी पाय हलवले. हवा भरली. दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले आणि पहिली ओळ वाजवली.

एकही सूर चुकला नाही. डावा हात जिथे सांगितला होता तिथे राहिला. ओळ संपली, मी तालात श्वास घेतला आणि कडवं सुरू केलं, मंडळीने माझ्याबरोबर सुरू करायचं होतं तिथून.

कुणीच सुरू केलं नाही.

मला वाटलं, त्यांना खूण कळली नाही. पुढच्या ओळीला येतील. मी वाजवत राहिलो. पुढची ओळ आली आणि गेली. ती पेटी चर्चभर घुमत होती, आणि त्या घुमण्यात एकाही माणसाचा आवाज नव्हता. मी मान किंचित वळवून बायकांच्या बाजूला पाहिलं. सगळ्या बायका राहेलमावशींकडे बघत होत्या. पुरुष बायकांकडे बघत होते. आणि राहेलमावशी डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून, ओठ घट्ट मिटून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. सगळ्यांबरोबर म्हणायचं असं मी त्यांना सांगितलं होतं. सगळे कुठे होते अजून?

बोटं मात्र आपली चालूच होती, इतके दिवस घोटलेलं बिनचूक वाजवत होती. कडवं संपलं. मी दुसरं धरलं, कारण थांबलो तर काय होईल ते मला कळत नव्हतं. साहेब उंबऱ्यावर खोळंबले होते. गीताशिवाय ते आत येऊ शकत नव्हते आणि बाहेर जाऊनही करणार काय? मी स्वतः गायचं ठरवलं. तोंड उघडलं. दिवसभर स्टँड दणाणून सोडणारा माझा घसा, त्यातून नुसती हवा आली. तेवढ्यात डावा हात घसरला आणि भलताच सूर वाजला. मी दोन्ही हात उचलले.

सगळं गप्प झालं. फक्त पायाखालचा भाता फुसफुसत होता.

तेव्हा बायकांच्या बाजूने एक आवाज आला.

मला तो ओळखू आला नाही. पहिली ओळ होती, फार वरून उचललेली. चढताना आवाज चिरकला, पण थांबला नाही. मी वळून बघितलं. रत्ना होती. मधल्या रांगेत मान ताठ करून, डोळे मिटून ती एकटीच गात होती, आणि तिच्या गळ्याच्या शिरा मला इथून दिसत होत्या.

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. ते माझ्या काळजात गेलं. मी सवयीने तिची पट्टी शोधायला लागलो, म्हटलं निदान तिच्या पाठीशी एक सूर तरी धरावा. काळी दोन दाबून पाहिली; ती तिच्याहून खाली. पांढरी तीन पाहिली, ती वर. ती दोघींच्या मधोमध होती, आणि तिथे माझ्या पेटीत पट्टीच नव्हती. इतक्या वर्षांत मी कुणाचाही सूर पकडला होता. तिला मला साधी सोबत करता येईना, याचं मला रडू आलं.

दुसरी ओळही तिने एकटीनेच म्हटली. आवाज थरथरायला लागला होता. आता ती खाली बसेल असं मला वाटलं.

राहेलमावशींनी मान वळवली. रत्नाकडे बघितलं. बराच वेळ बघितल्यासारखं मला वाटलं, पण तिसरी ओळ सुरू व्हायच्या आतच ते झालं असणार. मग त्यांनी पदर सावरला, तोंड उघडलं आणि गायला लागल्या. सुराच्या इतक्या पक्क्या बाई, पण त्यांनी स्वतःची पट्टी घेतली नाही. रत्ना जिथे होती तिथेच, त्या दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत, त्या चढून गेल्या. आणि मग त्यांच्यामागून सगळ्या बायका, आणि बायकांमागून पुरुष. चर्च भरून गेलं. साहेब उंबरा ओलांडून आत आले.

मी हात मांडीवर ठेवून ऐकत बसलो. ते गीत शेवटपर्यंत पेटीशिवाय झालं.

पुढची गीतं नेहमीसारखी राहेलमावशींनी उचलली. मी पट्टी शोधून मागून गेलो. ती मी दोन्ही हातांनी वाजवली हे माझ्या लक्षात आलं नाही. उपासना संपल्यावर साहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं तेव्हा कळलं. "नगरच्या मुलाला कळवतो मी," ते म्हणाले. "म्हणावं, आमच्याकडे माणूस आहे." ज्यासाठी तीन महिने जिवाचं पाणी केलं, ते असं कुणाचं लक्ष नसताना होऊन गेलं. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. मी रत्नाला शोधत होतो.

ती आवारात लिंबाखाली उभी होती. हातात चहाचा कप होता, पण पीत नव्हती.

"रत्ना, तू गातेस?"

"नाही गात."

"मग दर रविवारी बायकांत उभी राहून काय करतेस? मी बघतो की, तुझे ओठ हलत असतात."

"नुसते ओठच," ती म्हणाली. "लग्न होऊन आले ना, पहिल्या रविवारी मोठ्याने गायले होते. माहेरी गायचे तशी. दुपारी राहेलमावशी लाडू घेऊन आल्या. गोड बोलल्या हो अगदी. म्हणाल्या, पोरी, शास्त्रातली हन्ना मंदिरात प्रार्थना करत होती, तिचे नुसते ओठ हलले, आवाज कुणाला ऐकू आला नाही, तरी देवानं तिचं ऐकलं. तू तसं कर. मला वाटलं, नव्या सुनेला शास्त्रातलं वचन द्यायला आल्यात. त्या गेल्यावर समजलं काय म्हणाल्या ते."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? तुमची तर सगळी धडपड सुराचीच."

ती माझी बायको होती, आणि तिचा गाण्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला होता, तोही ओळखला नव्हता. "मग आज कसं काय गं?" मी विचारलं.

"तुमचे पाय दिसत होते मला," ती म्हणाली. "हात थांबवलेत, तरी पाय चालूच होते. वाजत काही नव्हतं आणि तुम्ही आपले हाणताय, हाणताय. नाही बघवलं मला."

एवढ्यात राहेलमावशी काठी टेकत आमच्याकडे येताना दिसल्या. रत्नाचा चेहरा उतरला. तिने कप माझ्या हातात दिला आणि पदर डोक्यावर घेतला. मी पुढे होऊन काहीतरी बोलणार होतो, पण मावशींनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या थेट तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"फार वरून उचललंस," त्या म्हणाल्या.

"चुकलं, मावशी."

"चुकलं कुठं म्हणते मी? वरून म्हणते." त्यांनी दोन्ही हात काठीवर टेकवले आणि जरा दम खाल्ला. "पुढल्या रविवारी खालून घे. या वयात मला तुझ्या मागं चढवत नाही."